तोंड येणं, अँटिबायोटिकची कॅप्सूल आणि आपलं ताट



वस्तीत आरोग्याची बैठक घेतली की बीपी, शुगर, बाळंतपण यावर प्रश्न येतात. बैठक संपते, सतरंज्या गुंडाळल्या जातात, आणि मग एखादी ताई मागे रेंगाळते. जवळ येऊन खालचा ओठ ओढून दाखवते. "सिस्टर, बघा ना, परत तोंड आलंय." आत मसुरीच्या डाळीएवढा पिवळट-पांढरा चट्टा, कडेला लाल. भाकरी चावता येत नाही, चहा घोटवत नाही, दोन शब्द बोलायचे तर डोळ्यांत पाणी येतं.

"काय घेतलं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "मेडिकलवाल्यानं कॅप्सूल दिली. चार घेतल्या, बरं झालं. महिन्यानं परत आलं. परत कॅप्सूल घेतली."

हिंगोली असो, वसमत असो की कळमनुरी, औंढा, सेनगावकडची गावं, ही गोष्ट सगळीकडे सारखीच ऐकू येते. ही कॅप्सूल बहुतेक वेळा अँटिबायोटिकची असते, म्हणजे जंतू मारणाऱ्या औषधाची. या औषधावर आणि वारंवार तोंड येण्यावर जगात खरोखर संशोधन झालेलं आहे. ते काय सांगतं, काय सांगत नाही आणि आपण काय करायचं, हे आज नीट समजून घेऊ.

तोंड येणं म्हणजे काय

तोंडाच्या आतली कातडी फार नाजूक असते. ओठाच्या आत, गालाच्या आत, जिभेच्या कडेला किंवा खाली तिचा वरचा थर निघून जातो आणि उघडी जखम होते. ती आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत भरते, डागही उरत नाही. काही दिवसांनी किंवा महिन्यांनी दुसरीकडे नवी होते. दर पाच माणसांमागे सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. बऱ्याचदा तो लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो आणि वय वाढेल तसा कमी होतो. आईवडिलांना असेल तर मुलांना होण्याची शक्यता जास्त असते.

हा त्रास एकाचा दुसऱ्याला लागत नाही. उष्टं खाल्ल्याने होत नाही. त्यामुळे तोंड आलेल्या सुनेचा तांब्या वेगळा ठेवायचं काही कारण नाही. तापानंतर ओठांच्या बाहेर जे पाण्याचे फोड उठतात ते वेगळे. ते विषाणूमुळे येतात आणि ते मात्र लागतात.

मग तोंड का येतं? आपण म्हणतो, उष्णता झाली, पोट साफ नाही. वैद्यकशास्त्राला जे दिसलं आहे ते असं. आपल्या शरीरात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. काही माणसांत त्या चुकून तोंडाच्या आतल्या कातडीवरच हल्ला करतात. या हल्ल्याला निमित्त लागतं. दाताचं टोक लागणं, गाल चावला जाणं, जागरण, मनावरचा ताण, मासिक पाळीचे दिवस, फार फेस करणारी टूथपेस्ट ही काही निमित्तं आहेत. आणि मोठं निमित्त म्हणजे अंगात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ कमी असणं.

तंबाखू सोडल्यावरही काही आठवडे तोंड येतं. "सिस्टर, तंबाखू होती तेव्हा कधी तोंड आलं नाही, सोडली आणि आलं," असं सांगणारे भाऊ मला भेटतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. तंबाखूमुळे आतली कातडी जाड, राठ झालेली असते. ती पुन्हा मऊ होताना हा त्रास होतो. तो काही दिवसांचा असतो. त्यासाठी परत तंबाखूची पुडी उघडू नका.

कॅप्सूलने बरं झालं की आपोआप?

हा या पाठातला सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे. जखम दहा दिवसांत आपोआप भरणार असेल आणि सहाव्या दिवशी आपण कॅप्सूल घेतली, तर दहाव्या दिवशी श्रेय कॅप्सूललाच जाणार. सहाव्या दिवशी कुणी ताईत बांधला तर श्रेय ताइताला जाईल. म्हणून "मला गुण आला" एवढ्यावरून औषध खरं ठरत नाही.

केसपुत्त गावच्या कालामांना भगवान बुद्धांनी हीच शिकवण दिली. लोक म्हणतात म्हणून, परंपरा आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मान्य करू नका, स्वतः पारखून घ्या. औषधाची पारख करायची आजची रीत अशी आहे. सारखा त्रास असलेल्या माणसांचे दोन गट करायचे. एका गटाला खरं औषध द्यायचं, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळालं हे रोग्यालाही माहीत नसतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसतं. शेवटी दोन्ही गटांची तुलना करायची. फरक पडला तरच तो औषधाचा.

संशोधन काय सांगतं

१९६० च्या दशकात काही शास्त्रज्ञांना वाटत होतं की तोंड येण्यामागे तोंडातले जंतू आहेत. म्हणून त्यांनी टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक पाण्यात कालवून त्याच्या गुळण्या देऊन पाहिल्या. १९७८ साली अमेरिकेत वर सांगितलेल्या रीतीने दोन गट करून याची तपासणी झाली. अशा तपासण्यांतून दिसलं ते असं. गुळण्यांनी दुखणं कमी होतं आणि आलेली जखम लवकर भरायला मदत होते. पण पुन्हा पुन्हा तोंड येण्याची मूळ खोड त्याने कायमची जात नाही.

पुढे जंतूंवरचा संशय बराच कमी झाला. मग प्रश्न उरला, हा आजार जंतूंचा नसेल तर जंतू मारणाऱ्या औषधाने फायदा का व्हावा? त्याचं उत्तर असं सापडलं. टेट्रासायक्लिन आणि त्याच कुळातलं डॉक्सीसायक्लिन ही औषधं जंतू मारण्याखेरीज आणखी एक काम करतात. सूज आली की शरीरात काही रसायनं तयार होतात आणि ती कातडीखालचे धागे कुरतडतात. ही औषधं त्या रसायनांना आवर घालतात.

हे तपासण्यासाठी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वारंवार तोंड येणाऱ्या सुमारे पन्नास माणसांपैकी काहींना डॉक्सीसायक्लिन दिवसातून दोनदा, एका वेळी फक्त २० मिलिग्रॅम, असं ९० दिवस दिलं. बाकीच्यांना औषध नसलेली गोळी दिली. औषध घेणाऱ्यांमध्ये नवी जखम न झालेले दिवस जास्त भरले. इथे मात्रा नीट वाचा. २० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेत हे औषध जंतू मारतच नाही. मेडिकलमध्ये मिळते ती कॅप्सूल सहसा १०० मिलिग्रॅमची असते, ती न्यूमोनिया, मलेरिया, स्क्रब टायफस अशा आजारांसाठी. म्हणजे ज्या मात्रेवर संशोधन झालं ती एक, आणि आपण चार दिवस गिळतो ती दुसरीच. शिवाय हा अभ्यास पन्नासच माणसांचा, सुरुवातीची चाचपणी म्हणून केलेला होता.

२०१२ साली तज्ज्ञांच्या एका गटाने तोंड येण्यावर पोटात घ्यायच्या औषधांच्या २५ चाचण्या एकत्र तपासल्या. या गटाचं नाव कॉक्रेन. जगभरातले अभ्यास गोळा करून त्यांचा ताळा करणं हे त्यांचं काम. त्यांचा निष्कर्ष असा की कोणतंही एक औषध खात्रीने उपयोगी आहे असं म्हणण्याइतका पुरावा नाही.

सार एवढंच की ही औषधं अगदी निरुपयोगी नाहीत. खूप त्रास असलेल्या एखाद्या रुग्णाला तज्ज्ञ डॉक्टर ती विचार करून देऊ शकतात. पण काउंटरवरून दर महिन्याला चार कॅप्सूल घ्याव्यात असं कोणतंही संशोधन सांगत नाही.

मग कॅप्सूलने बिघडतं कुठे?

पहिलं नुकसान तोंडातच होतं. आपल्या तोंडात उपयोगी जंतूही राहतात आणि ते बुरशीला वाढू देत नाहीत. अँटिबायोटिकने ते मेले की बुरशी माजते. जिभेवर, टाळूवर दह्यासारखा पांढरा थर येतो, पुसला की खाली लाल दिसतं. लोकांना वाटतं तोंड वाढलं, म्हणून आणखी अँटिबायोटिक घेतात आणि बुरशी आणखी वाढते. बुरशीला बुरशीचंच औषध लागतं. पुण्याजवळच्या पिंपरीत १९५४ साली सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभारला. तिथल्या शास्त्रज्ञांनी पिंपरीच्याच मातीतल्या एका सूक्ष्म जिवापासून हॅमायसिन नावाचं बुरशीनाशक शोधलं. तोंडातल्या पांढऱ्या बुरशीसाठी ते वापरलं गेलं. म्हणजे तोंडाच्या प्रत्येक दुखण्याला जंतूंचं औषध चालत नाही. आधी दुखणं ओळखावं लागतं.

दुसरं नुकसान लेकरांचं. टेट्रासायक्लिन गरोदरपणात किंवा आठ वर्षांखालच्या मुलांना दिलं तर येणाऱ्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि ते जात नाहीत. डॉक्सीसायक्लिनही डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय त्यांना देऊ नये. आईने आणलेली कॅप्सूल अर्धी करून मुलाला देणं तर मुळीच नको.

तिसरं, डॉक्सीसायक्लिन घोटभर पाण्याने गिळून लगेच आडवं झालं तर ती अन्ननळीत अडकून तिथेच जखम करते. तोंड बरं करायला जावं आणि छातीत आग घेऊन यावं, असं होतं.

चौथं नुकसान सगळ्या वस्तीचं. अर्धवट अँटिबायोटिक घेतलं की कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात. पुढे खरा न्यूमोनिया झाला, बाळंतपणानंतर जंतुसंसर्ग झाला, तेव्हा तेच औषध चालत नाही. महागडी इंजेक्शनं लागतात आणि ती आपल्या माणसांना परवडत नाहीत. औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते ती बघायची सवय लावा. ही रेघ असलेलं औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं. ज्याला अक्षर वाचता येत नाही, त्यालाही लाल रेघ दिसते.

पाचवं नुकसान सर्वात मोठं. कॅप्सूलच्या नादात खरं कारण झाकलं जातं. ते कारण कधी ताटात असतं, कधी त्याहून गंभीर असतं.

मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रिया

१९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. हाफकिन संस्थेत राहून त्यांनी एका प्रश्नाचा शोध सुरू केला. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत आणि कित्येक दगावत. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी कमी होत्या आणि उरलेल्या पेशी आकाराने फुगलेल्या होत्या. एखादा जंतू सापडतो का हे विल्सबाईंनी पाहिलं, पण जंतू सापडला नाही. मग त्यांनी या बायका काय खातात ते पाहिलं. ताटात भाजीपाला, फळं, दूध, मांस अगदीच नावाला होतं. विल्सबाईंनी त्यांना खमिराचा अर्क खायला दिला. ब्रेडवर लावायचा तो स्वस्तातला पदार्थ होता. बायका सुधारू लागल्या. १९३१ साली त्यांनी हे जगापुढे मांडलं.

त्या अर्कात जे होतं त्याला पुढे १९४१ मध्ये नाव मिळालं फॉलिक अॅसिड. फॉलियम म्हणजे लॅटिन भाषेत पान. ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं होतं म्हणून हे नाव. आज प्रत्येक गरोदर बाईला दवाखान्यात लोहाबरोबर जी फॉलिक अॅसिडची गोळी मिळते, तिच्यामागे मुंबईच्या त्या कामकरी बायकांचं रक्त आहे. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगते. १८९५ साली आंध्रातल्या भीमावरम इथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव पुढे अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधन प्रमुख झाले. त्यांच्या हाताखाली १९४० च्या दशकात फॉलिक अॅसिड प्रयोगशाळेत तयार झालं. टेट्रासायक्लिनच्या कुळातलं पहिलं औषध, ऑरिओमायसिन, तेही त्याच प्रयोगशाळेतून १९४८ साली जगापुढे आलं. जंतू मारणारं औषध आणि कुपोषण भरून काढणारं औषध एकाच घरातून निघाली. आपण मात्र पहिलंच लक्षात ठेवलं.

या सगळ्याचा तोंडाशी संबंध काय? तोंडाच्या आतली कातडी सतत झिजते आणि सतत नवी होते. नवी पेशी घडवायला फॉलिक अॅसिड, बी-१२ आणि लोह लागतं. ते कमी पडलं की शरीर आधी तोंडात सांगतं. जीभ गुळगुळीत, लाल होते. ओठांचे कोपरे फाटतात. तोंड वरचेवर येतं. २००९ साली इस्रायलमध्ये वारंवार तोंड येणाऱ्या ५८ माणसांवर अभ्यास झाला. अर्ध्यांना रोज बी-१२ ची गोळी जिभेखाली ठेवायला दिली, अर्ध्यांना औषध नसलेली. सहाव्या महिन्यात बी-१२ घेणाऱ्या १०० पैकी ७४ जणांना एकदाही तोंड आलं नाही. दुसऱ्या गटात हे प्रमाण १०० पैकी ३२ होतं. हाही अभ्यास लहानच आहे, पण दिशा दाखवणारा आहे.

आता आपल्याकडे या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९-२१ प्रमाणे महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ बायकांना रक्त कमी आहे. म्हणून जिला वर्षातून तीन-चारदा तोंड येतं, तिने कॅप्सूलच्या आधी हिमोग्लोबिन तपासावं. ही तपासणी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तो आपला हक्क आहे.

ताटात काय असावं

फॉलिक अॅसिडसाठी पालक, मेथी, चुका, शेपू, चवळीचा पाला, हरभरा, मूग, मटकी, शेंगदाणे. भाजी फार उकळून पाणी ओतून देऊ नका, फॉलिक अॅसिड त्या पाण्याबरोबर जातं.

लोहासाठी बाजरी, हरभरा, अळीव, पालेभाजी, मटण, काळीज. जेवताना लिंबू पिळा, पेरू किंवा आवळा खा, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा नको. तासाभराचं अंतर ठेवा. चहामुळे लोह वाया जातं.

बी-१२ भाजीपाल्यात नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण आणि सर्वात जास्त काळजात असतं. आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला वजडी, मुंडी, काळीज हेच आलं आणि त्यावरून त्यांना हिणवलंही गेलं. त्यातल्या काळजात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ तिन्ही भरपूर असतात. आपल्या खाण्याची लाज बाळगू नका. फक्त गरोदरपणात काळीज वरचेवर खाऊ नका, त्यातलं अ जीवनसत्त्व जास्त झालं तर बाळाला अपाय होतो. ज्या घरांनी मांस सोडलं आहे, त्यांनी दूध-दही ठेवावं आणि गरज वाटल्यास डॉक्टरांना बी-१२ च्या गोळीबद्दल विचारावं.

शुगरसाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी रोजची गोळी कित्येक वर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं. पायांना मुंग्या येतात, जीभ सोलल्यासारखी वाटते, तोंड येतं. गोळी स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना हे जरूर सांगा. सांधेवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट ही गोळी चुकून रोज घेतली गेली तर तोंडभर जखमा होतात आणि जिवाला धोका होतो. असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तोंड आलं तर घरी काय करावं

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चारदा गुळण्या करा. तिखट, ठेचा, फार गरम चहा चार दिवस बाजूला ठेवा. मऊ ब्रश वापरा. फार फेस करणारी टूथपेस्ट बदलून पाहा. दाताचं टोक लागत असेल तर ते घासून घ्या. दुखणं जास्त असेल तर क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या एक मिनिट, दिवसातून दोनदा करता येतात. त्या गिळायच्या नाहीत आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त करायच्या नाहीत, दात काळपट होतात. सूज कमी करणारं मलम डॉक्टर देऊ शकतात.

आजी जाईचा पाला चघळायला देते, हळद लावते. पाला स्वच्छ धुतलेला असेल तर चघळायला हरकत नाही, हळदीनेही नुकसान नाही. पण काही गोष्टी नक्की टाळा. बाळाच्या तोंडात टंकणखार किंवा बोरिक पावडर लावू नका. ती पोटात गेली तर बाळाला विषबाधा होते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. दुखतं म्हणून जखमेवर वेदनाशामक गोळी कुटून लावू नका, कातडी जळते. मिसरी किंवा तंबाखू दाबून धरू नका. थोडा वेळ बधिर वाटतं, पण जखमेत विष जातं.

तीन आठवड्यांचा नियम

आता माझ्या चुकीची गोष्ट. एका रविवारी विहारात वंदना संपल्यावर गवंडीकाम करणारे एक भाऊ माझ्याकडे आले. "ताई, जिभेच्या कडेला काहीतरी आहे. दुखत नाही, पण जात नाही." रोज खर्रा खायचे. मी तिथेच, अर्धवट उजेडात पाहिलं. दाताने घासलं असेल असं वाटलं. "बी-कॉम्प्लेक्स घ्या, आठवड्याने दाखवा," असं म्हणून मी दुसऱ्या कामाला लागले. किती दिवस झाले हे विचारलं नाही. बोट लावून पाहिलं नाही. आठवड्याने ते आले नाहीत आणि मीही गेले नाही. मध्ये त्यांनी दोन वेळा कॅप्सूल घेतली. तीन महिन्यांनी त्यांची बायको सांगत आली, तेव्हा मानेत गाठ आली होती. तो कॅन्सर होता. ऑपरेशनमध्ये अर्धी जीभ काढावी लागली. ते आज आहेत, पण त्यांचं बोलणं घरच्यांनाच समजतं. बी-कॉम्प्लेक्स सांगताना मी चूक केली, आणि ती चूक कुणाच्याही हातून होऊ शकते. म्हणून हा पाठ लिहिते आहे.

साधी तोंड आलेली जखम फार दुखते आणि दोन आठवड्यांत भरते. कॅन्सरची जखम सुरुवातीला बऱ्याचदा दुखत नाही आणि भरत नाही. म्हणून दुखत नाही हे ऐकून निर्धास्त होऊ नका. एकाच जागची जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर ती डॉक्टरला किंवा दंतवैद्याला दाखवलीच पाहिजे.

२०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातला जवळपास प्रत्येक चौथा प्रौढ माणूस धुराविना तंबाखू वापरणारा होता, म्हणजे तंबाखू, खर्रा, गुटखा, मिसरी. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या मिळतातच. नुसती सुपारीही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने जाहीर केलेलं आहे. "मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी खातो" ही समजूत काढून टाका.

तोंडात नुसतं डोकावून पाहण्याने काय होतं, याचाही पुरावा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता यांच्या पथकाने महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली. तो अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. पुढे केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडं पाहिली. हे सेवक डॉक्टर नव्हते. २००५ साली निकाल आला. तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते.

आरशासमोर पाच मिनिटं

महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी किंवा टॉर्च लावून, चूळ भरून आरशासमोर उभे राहा. ओठ उलटा करून पाहा. दोन्ही गाल बोटाने ताणून आत पाहा. जीभ बाहेर काढा, डावीकडे-उजवीकडे वळवा, वर उचलून खालची जागा पाहा. टाळू पाहा. मग स्वच्छ बोटाने गाल आणि जिभेची कडा चाचपा, कुठे टणक लागतं का बघा. मानेच्या दोन्ही बाजूंना हात फिरवा. शेवटी स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहा.

न भरणारी जखम, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, तोंड कमी उघडणं, तिखट अजिबात न सोसणं, विनाकारण हलणारा दात, गिळायला त्रास, यातलं काहीही दिसलं तर दवाखान्यात जा. तोंडाबरोबर ताप, जुलाब, वजन घटणं, डोळे लाल होणं किंवा लघवीच्या जागी जखमा असतील तर तीन आठवडेही थांबू नका. तीस वर्षांवरच्या सर्वांची तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. आशाताईंना विचारा. कॅन्सर निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार आहेत, पैशाच्या भीतीने घरी बसू नका. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११२-३५६ हा मोफत फोन आहे.

लक्षात ठेवा

तोंड येणं बहुतेक वेळा दोन आठवड्यांत आपोआप बरं होतं.
वरचेवर येत असेल तर आधी रक्त तपासा, ताट तपासा.
लाल रेघेचं औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका.
तीन आठवड्यांत न भरलेली जखम दाखवा, दुखत नसली तरी.

एकदा एक भिक्खू आजारी, मळलेला, एकटा पडला होता. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतःच्या हाताने त्याला आंघोळ घातली, आणि एकमेकांची काळजी तुम्ही नाही घेतली तर कोण घेणार, असं भिक्खूंना विचारलं. पुढच्या रविवारी विहारात येताना एक आरसा आणि एक टॉर्च आणा. वंदनेनंतर एकेकाचं तोंड पाहू. बायकांनी बायकांची पाहावी, पुरुषांनी पुरुषांची. काही दिसलं तर नाव आणि तारीख वहीत लिहू, आणि तीन आठवड्यांनी त्या माणसाच्या घरी स्वतः जाऊ. माझ्याकडून राहिलं ते हेच.

जय भीम.